एकशे सत्तर कोटी वर्षांचा श्वास

खाणीच्या जुन्या गोदामासमोर सकाळपासून गर्दी उसळली होती. गर्दी कसली, नुसता खोकला होता तो. एकानं खोकायला सुरुवात केली की रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो पोहोचायचा आणि तिथून परत यायचा. पुरुष बहुतेक चाळिशीच्या आतबाहेरचे. पण गोदामाच्या पायऱ्या चढायला त्यांना बायकोचा खांदा लागत होता.

आत मधोमध लाल वालुकाश्माची गुळगुळीत शिळा होती. तिच्यावर एक दगडफोड्या उताणा पडला होता. त्याच्या छातीवर जाड लाल कापड पसरलं होतं. शेजारी श्वासबाबा उभे. दाढी विंचरलेली, आवाज तुपात घोळलेला, हातात विटेएवढी पिवळी पेटी. बाबांनी पेटी हळूच कापडाजवळ नेली आणि ती बोलू लागली. टिक. टिकटिक. टिकटिकटिकटिक.

“ऐका!” बाबा गरजले. “हा माणूस गप्प आहे. मी गप्प आहे. मग कोण बोलतंय?”

“आजार!” गोदाम ओरडलं.

“किती दिवस लपून बसला होता! डॉक्टरला सापडला? नाही. मशीनवाल्या बाईला सापडला?”

मशीनवाली बाई म्हणजे मी. इस्पितळात एक्स-रे काढते. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्या लोकांच्या छात्या मला आतून पाठ होत्या.

मग रोग्याला आतल्या खोलीत नेलं. ही खोली खडकातच कोरलेली. तिथे बाबांचे दोन चेले त्याच खडकाची भुकटी कुटत बसलेले असत. मैद्यासारखी बारीक भुकटी. ती पंख्यासमोर धरायची आणि रोग्यानं तोंड उघडून ती ओढून घ्यायची. दगडाच्या धुळीनं ज्यांची छाती भरली होती, त्यांना औषध म्हणून दगडाची धूळ!

रोगी बाहेर आला, पुन्हा शिळेवर पडला. त्याच्यावर दुसरं, स्वच्छ लाल कापड टाकलं. पेटी जवळ नेली. शांतता. बऱ्याच वेळानं एकच टिक.

“तो शेवटचा अंश,” बाबा म्हणाले. “पुढच्या खेपेला तोही जाईल. अरे, डॉक्टर काय देतो? काल बनवलेली गोळी, तिची परवा मुदत संपते. माझ्या शिळेचं वय एकशे सत्तर कोटी वर्षं! वाळवंटाचा श्वास तिच्यात कोंडलाय. तो ज्यानं आत घेतला, त्याला शिळेचं आयुष्य लागलं!”

बायका रडत हात जोडत होत्या. पुढचा रोगी शिळेवर चढला. तो माझा धाकटा भाऊ होता.

*

आमच्याकडचे लोक काही खुळे नाहीत. पण ते दगडफोडे आहेत, आणि दगडफोड्याचं सगळं कानावर चालतं. लादी कापायच्या आधी तो दगडावर हातोडीनं हलकेच टिचकी मारतो आणि कान लावतो. खणखणीत वाजला तर दगड चांगला. बद्द वाजला तर आत चीर आहे, बाजूला टाका. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवलेलं. माझा भाऊ तर त्यात वस्ताद. मुकादम अडला की त्यालाच बोलावायचा. अशा माणसांसमोर कोणी आवाज ऐकवून आजार दाखवला, तर ते भुलणारच. बाबांनी नेमकं हेच हेरलं होतं.

डॉक्टरांनी भावाची छाती बोटांनी वाजवून पाहिली होती, तेव्हा तो हसून म्हणाला होता, “काय डॉक्टर, माल पास का?” माल पास नव्हता. मी काढलेल्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत खडीसारखे ठिपके होते आणि धुळीनं दुबळ्या झालेल्या छातीत क्षयही शिरला होता. धूळ निघणार नव्हती, पण क्षय बरा होणार होता. गोळ्या न चुकता घ्यायच्या, खाणीत जायचं नाही.

गोळ्यांनी त्याला मळमळायचं. अन्न नकोसं व्हायचं, लघवी लाल व्हायची. तो बाबांकडे गेला, बाबांनी पहिली अट घातली ती गोळ्या सोडायची. गोळ्या सुटल्या, मळमळ थांबली, भूक लागली. झालं! बाबांचा गुण आला.

“ताई, मी दोन भाकऱ्या खातोय,” तो मला सांगायचा. “तुझ्या डॉक्टरनं माझं जेवण तोडलं होतं.”

“अरे, गोळीचा त्रास थांबलाय. रोग थांबलेला नाही.”

“मग पेटी गप्प का बसते? दरवेळी मी आत जातो तेव्हा वाजते, बाहेर येतो तेव्हा गप्प. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.”

“चल, परत फोटो काढू.”

“तुझ्या फोटोत मला काही कळत नाही. पांढरं काय, काळं काय. आवाज मला कळतो.”

मी डॉक्टरांना घरी घेऊन आले, तर तो मागच्या दारानं निघून गेला.

आणि गोदाम कोणाचं? खाणमालकाचं. बाबांना त्यांनी ते आपणहून दिलेलं. डॉक्टर किती दिवस मालकाच्या मागे लागले होते की करवतींवर पाणी सोडा, धूळ उडणार नाही. मालक म्हणायचे, पाणी कुठून आणू? आता त्यांना त्या सबबीचीही गरज उरली नव्हती. बाबा सांगत होते की आजार धुळीचा नाही, शिळेचा अपमान केल्याचा आहे. तोंडाला फडकं बांधून काम करतो तो शिळेला नाक मुरडतो. दुसऱ्या दिवसापासून माणसांनी फडकी काढून टाकली. मालकाला आणखी काय हवं होतं?

*

त्याच सुमारास दाणेबाई परत आल्या. हे नाव त्यांना आमच्या लोकांनी दिलेलं. त्या खडकांचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायच्या. आमच्या खाणीतून पोतंभर दगड नेऊन, तो फोडून, चाळून, त्यातले मोहरीहूनही बारीक दाणे वेचायच्या. मागच्या खेपेला चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, “बाई, हे किती जुनं?” त्या सरळ मनानं बोलून गेल्या, “यातले काही दाणे एकशे सत्तर कोटी वर्षांचे आहेत.” टपरीवर बाबांचा चेला बसलेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बाई माझ्याकडे आल्या त्या संतापानं लाल होऊन. “माझा आकडा माझ्या परवानगीशिवाय बाबा झालाय!”

मी त्यांना पेटीचं सांगितलं. त्यांनी पिशवीतून आपली तशीच पेटी काढली.

“ही किरणं मोजते. काही पदार्थांतून सतत किरणं निघतात, ती आत शिरली की टिक वाजतं. थोडं कुठेही वाजतं, तुमच्या स्वयंपाकघरातही.” त्यांनी पेटी इस्पितळाच्या पायरीला लावली. आमच्याच लाल दगडाची पायरी. टिक. मग बराच वेळ काही नाही. “बघा. हा दगड इतका भराभर बोलला असता तर माझं काम केवढं सोपं झालं असतं! एकेका दाण्यासाठी मला खोलीएवढं यंत्र लागतं.”

“दाण्यात असतं तरी काय?”

“युरेनियम. अगदी कणभर. ते फार सावकाश आणि ठरलेल्या वेगानं मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की दाणा कधी तयार झाला ते कळतं. पण ते दाण्याचं वय, दगडाचं नाही. दाणे जुन्या डोंगरांत तयार झाले. डोंगर झिजले, वाऱ्यानं वाळू इथे आणली, तिच्या टेकड्या झाल्या. तुमच्या लादीत तिरक्या रेघा दिसतात ना? त्या टेकड्यांचे उतार आहेत. दगड त्याच्या सगळ्यात तरुण दाण्याहूनही तरुण असतो. बाबांना एवढंही माहीत नाही.”

“मग छातीवर वाजतं ते काय?”

“छातीतून नाही वाजत. छातीवर काय ठेवतात?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला भावजयीचं बोलणं आठवलं.

माझी भावजय बाबांची सेवा म्हणून त्यांची कापडं धुऊन द्यायची. सगळी लाल, सगळी एकसारखी. ती सहज बोलून गेली होती, “एका कापडाला मात्र पाणी लावायचं नाही, ताई. बाबांची सक्त ताकीद आहे. ते नुसतं घडी घालून ठेवायचं. जरा जाडच आहे ते.” म्हणजे रोगी आतल्या खोलीत जाण्याआधी त्याच्या छातीवर पसरतात, ते.

एक्स-रेचा फोटो म्हणजे तरी काय? किरणांनी काळी पडलेली फिल्म. कापडात किरणं टाकणारं काही असेल, तर फिल्मला ते दिसणारच. मी इस्पितळातून काळ्या लिफाफ्यात बंद केलेली कोरी फिल्म नेली, भावजयीच्या ट्रंकेत त्या कापडाच्या घडीखाली ठेवली आणि पुढच्या बैठकीच्या आदल्या दिवशी काढून धुतली. फिल्मवर एक जाळी उमटली होती. पिशवीसारखी, वरच्या बाजूला चुण्या पडलेली. तिच्या शेजारी दुसरी, तिच्याखाली तिसरी. विणीचा धागान् धागा दिसत होता.

भावजय फिल्मकडे बघत राहिली. “हे तर गॅसबत्तीचं मेंटल आहे,” ती म्हणाली. “आमच्या वडिलांचं बत्त्यांचं दुकान होतं.”

“जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, उजेड पांढराशुभ्र पडावा म्हणून,” दाणेबाई म्हणाल्या. “त्यातून किरणं निघतात. मेंटल शिवलेलं कापड घातलं की पेटी वाजते. दुसरं कापड घातलं की गप्प. संपला चमत्कार.”

भावजयीचा चेहरा राखेसारखा झाला. “आणि हे इतके महिने ती भुकटी ओढतायत,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ह्यांना कसं सांगायचं? ते ऐकायचे नाहीत.”

“सांगू नकोस,” मी म्हटलं. “त्यांचं त्यांना ऐकू दे.”

*

बैठकीच्या दिवशी गोदाम खच्चून भरलेलं. भाऊ शिळेवर बसला होता. एव्हाना त्याला नीट आडवंही होता येत नव्हतं. भावजय कापडाची घडी घेऊन पुढे आली. बाबांनी हात पुढे केला, पण तिनं कापड दिलं नाही. ते तिनं शेजारच्या लाकडी बाकावर पसरलं.

“बाबा, आधी इथे पेटी लावा.”

“काय हा खुळेपणा!” बाबा हसले. “बाकाला का कुठे आजार असतो?”

“नाही ना? मग वाजायची नाही. लावून तर बघा.”

“शंका घेणाऱ्याच्या घरात शिळा कोपते, मुली! नवरा आजारी आहे तुझा.”

रांगेतून आवाज आले, बाईला बाहेर काढा. दाणेबाई काही बोलायला गेल्या, पण मी त्यांचा हात दाबला, कारण भाऊ शिळेवरून उतरला होता. त्याला बायकोचा राग आला होता. बाबांचा अपमान त्याला सहन होईना. “आणा इकडे,” तो म्हणाला आणि त्यानं बाबांच्या हातातून पेटी घेतली. “एकदाचं हिचं समाधान होऊ दे. बाबा, तुम्ही काळजी करू नका, काही वाजणार नाही.”

त्यानं पेटी बाकावरच्या कापडाजवळ नेली.

टिकटिकटिकटिकटिकटिक.

त्यानं पेटी मागे घेतली. गप्प. पुन्हा नेली. टिकटिकटिक. मग त्यानं सदऱ्याची बटणं सोडली. बरगड्या दिसत होत्या. पेटी उघड्या छातीला लावली आणि डोळे मिटून कान दिला, दगडाला द्यायचा तसा. आख्खं गोदाम त्याच्याबरोबर ऐकत होतं. खोकलासुद्धा थांबला होता. एक टिक झालं. नंतर काहीच नाही.

“ताई,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाकाला क्षय झालाय का गं?”

कोणी हसलं नाही. भावजयीनं कमरेची कात्री काढली आणि कापडाची शिवण टराटरा उसवली. आतून मेंटल बाहेर पडली, एकावर एक रचून दोऱ्यानं टाचलेली. मी फिल्म उजेडात धरली. तीच वीण, त्याच चुण्या. दाणेबाईंनी आपली पेटी एकेकापाशी फिरवून दाखवली. मेंटलपाशी कलकलाट, शिळेपाशी शांतता. बाबांची एकशे सत्तर कोटी वर्षांची ती शिळा मुकीच होती.

“ही तर दैवी जाळी…” बाबांनी सुरुवात केली.

“दुकानात मिळते ती!” भावजय किंचाळली. “माझ्या बापानं आयुष्यभर विकली!”

बाबांची बोलती बंद झाली. पण त्यांना कोणी हात लावला नाही. हात उगारायला माणसांत जोर तरी कुठे होता? मालकाचा मुकादम मध्ये पडला, बाबांना मागच्या दारानं गाडीत बसवलं आणि आम्हाला म्हणाला, “चला चला, तमाशा संपला, कामाला लागा.” रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड धरला. तिचे दोन मुलगे आज सकाळीच आतल्या खोलीत भुकटी ओढून आले होते. “काल सांगितलं असतंस तर?” ती म्हणाली. दुसरा एकजण थुंकून म्हणाला, “होती ती एक आशा, तीही घेतलीत.” पेटी मात्र भावाच्या हातातच राहिली.

*

भाऊ इस्पितळात आला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. मध्येच सोडलेल्या गोळ्यांना क्षय सरावला होता आणि भुकटीनं उरलेली जागाही भरून टाकली होती. मी नवा फोटो काढला. तो त्यानं पहिल्यांदाच मागून घेतला आणि बराच वेळ बघितला.

दाणेबाई भेटायला आल्या तेव्हा त्यानं विचारलं, “बाई, माझ्या छातीतली वाळू किती जुनी?”

बाईंनी खरं ते सांगितलं. “दाणे फार जुने. डोंगर होते तेव्हाचे. पण ते तुझ्या छातीत साठले कधी, तर तू करवत धरलीस तेव्हापासून. वीसेक वर्षं.”

“म्हणजे दाणा जुना, थर नवा.”

“हो.”

“आणि बाबा म्हणायचे तसं त्याचं वय मला लागत नाही.”

“नाही रे. ते घड्याळ कोणाला आयुष्य देत नाही. गेलेलं तेवढं मोजतं.”

त्यानं मान हलवली. बोटाच्या पेरानं छातीवर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं. “बद्द वाजतोय,” तो म्हणाला. “हा लादीला चालायचा नाही. बाजूला टाका.” आणि माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही. मी तोंड फिरवून रडले, आणि तो मला म्हणाला, “ताई, रडू नकोस. माझ्या कानांनीच मला फसवलं, तू काय करणार?”

पावसाळा सरायच्या आत तो गेला. गोळ्या सोडल्या नसत्या तर आणखी कितीतरी वर्षं तो आमच्यात असता. ना चेल्यांना, ना बाबांना, ना मालकाला, त्याच्या मरणाची शिक्षा कोणालाच झाली नाही. त्याच्या बरोबरीच्यांनी काम बंद ठेवलं तेव्हा कुठे मालकानं एका करवतीवर पाण्याचा नळ बसवला. बाकीच्या अजून कोरड्याच चालतात.

आणि बाबा? दुसऱ्या खाणीवर आहेत म्हणे. नवी शिळा, नवी पेटी, नवं कापड.

तिकडची माणसं अधूनमधून चौकशी करत भावजयीकडे येतात. दारात उभी राहून विचारतात, “गुण येतो का हो खरंच?” ती त्यांना शिव्या देत नाही, उपदेश करत नाही. भावाची ती पिवळी पेटी फळीवरून काढते आणि त्यांच्या हातात ठेवते.

“आधी कापड बाजूला करा,” ती म्हणते. “उघड्या छातीला लावा. आता ऐका.”

माझंही एवढंच सांगणं आहे. कोणी तुम्हाला आवाज ऐकवील, उजेड दाखवील, कोटी कोटी वर्षांचे आकडे तोंडावर फेकील. ऐका, बघा, पण हात जोडण्याआधी कापड बाजूला करा. त्यानं खऱ्याचं काही बिघडत नाही. आणि जो कापडाला हात लावू देत नाही, त्याच्या हाती आपला श्वास देऊ नका.